सातव्या भागापासून

दादाला इस्पितळात दहा दिवस पालथं झोपायचं होतं. डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवून आत हवेचा बुडबुडा सोडला होता, आणि बुडबुड्याने पडदा दाबून धरायचा तर तोंड सतत जमिनीकडे हवं. दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. म्हणजे उरला हा एकच, आणि दादा घड्याळजी.

"मान वर झाली की बुडबुडा सरकणार," डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. "पडदा पुन्हा सुटला तर मग माझ्या हातात काही नाही."

वहिनीला दिवसा दुकान बघायचं होतं, म्हणून तिने रात्री घेतल्या. दिवस माझे. खाटेच्या उशाशी मऊ गादीचं एक कडं होतं, त्यात दादाचा डोळ्याला पट्टी बांधलेला चेहरा, आणि त्याच्या खाली फरशीवर चटई टाकून मी. चाळीस वर्षं झाली, पण त्या फरशीवरचे डाग मला अजून तोंडपाठ आहेत.

दादा म्हणजे जेवताना ताटावरूनही तीनदा उठणारा माणूस. पहिल्या दिवशी दुपारीच म्हणाला, "काहीतरी वाच, नाहीतर मी उठतो."

मी तेव्हा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते, रजा काढून आलेले. वाचनालयाची एक मालिका नुकतीच आमच्याकडून बांधून गेली होती. एकोणतीस भाग. एक राज्य असतं, तिथे जादू सरकारी खात्यातून मिळते, अर्ज करावा लागतो, असलं काहीतरी विनोदी. सगळे भाग माझ्या हातांनी शिवलेले, वाचलेला एकही नाही. मी पहिला भाग आणला. दुसरा कुठला आणणार? आमच्या कामात पानांचा एक फर्मा मागेपुढे लागला की मालक अख्खं पुस्तक उसवायला लावायचे. आधी एक, मग दोन, हे माझ्या बोटांत बसलं होतं.

पहिल्या भागात राजांची वंशावळ होती. सतरा राजे. मग नद्या. मग राज्याच्या सीमा.

"हा विनोद कधी करणार आहे?" दादाने विचारलं.

"येईल. धीर धर."

"हा माणूस जमीन मोजायला आलाय की गोष्ट सांगायला?"

दुसऱ्या दिवशी बाराव्या राजाच्या राज्याभिषेकात त्याने उठायला कोपर टेकलं. मी पुस्तक टाकलं, उठले आणि दोन्ही हातांनी त्याची मान दाबली.

"सोड! माझा श्वास कोंडतोय."

"दादा, डोळा जाईल."

"जाऊ दे! असा पडून राहण्यापेक्षा गेलेला बरा!"

तो हे मनापासून बोलत होता. मी त्याच्या मानेवर सगळा भार टाकून तशीच उभी राहिले. शेवटी त्याने कोपर काढून घेतलं, पण उद्या तो उठणार हे मला कळून चुकलं.

संध्याकाळी वहिनी आली तशी मी पहिला भाग घेऊन धावत वाचनालयात गेले. ग्रंथपालबाई कुलूपच लावत होत्या.

"पहिल्यापासून वाचलंत?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, पहिला भाग नेणारे तिथेच मरतात!"

त्यांनी मला कपाटासमोर उभं केलं. पहिल्या भागाची सुरुवातीची पानं मळलेली, पुढची कोरी करकरीत. सातवा भाग मात्र शेवटपर्यंत हाताळून मऊ झालेला. आम्ही नवा पुठ्ठा घातला होता, आतली पानं तर तीच होती. हे भाग मी महिनाभर हाताळले, क्रम तपासला, आणि एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"सातव्यापासून सुरू करा. एका राक्षसाची बदली होते आणि त्याला सरकारी गुहा रिकामी करायची असते. तिथे हा लेखक लिहायला शिकला. मागचं काही कळायला लागत नाही. पण सांभाळून हं, लोक वाचता वाचता खुर्चीवरून पडलेत."

मी त्यांना डोळ्याचं सांगितलं. त्या विचारात पडल्या. "मग एकोणिसावा न्या. गंभीर आहे. हसू कमी."

"कंटाळवाणा आहे?"

"थोडा," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

दोन हातांत दोन भाग घेऊन मी उभी राहिले. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सातवा नेऊच दिला नसता. पण कंटाळलेला दादा नक्की उठणार होता. हसणारा कदाचित पडून राहिला असता. मी सातवा घेतला आणि कुणाला काही बोलले नाही.

रोज पहाटे उठून मी दिवसाची पानं आधी वाचून ठेवायची. हसू येण्याच्या जागी पेन्सिलीने रेघ. ती जागा आली की एक हात वर करून दादाच्या मानेवर ठेवायचा.

"दादा, चार ओळींनी आहे."

"मोठं की छोटं?"

"मोठं."

"येऊ दे." मग त्याचं पोट खाटेवर गदगदा हलायचं, डोकं मात्र कड्यात घट्ट. उठण्याची भाषा बंद झाली. सकाळी मला उशीर झाला तर ओरडायचा, "राक्षसाला ट्रक मिळाला का?"

सहाव्या दिवशी राक्षसाने आपलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं. कारागिराने ते उघडलं, साफ केलं, जोडलं. तीन स्क्रू उरले. त्याने ते पुडीत बांधून राक्षसाच्या हातात दिले. "हे तुमचे जादा निघाले."

मी तिथे रेघ मारली नव्हती. मला त्यात विनोद दिसलाच नव्हता. उरलेलं परत दिलं, सरळ माणूस. माझे दोन्ही हात पुस्तकावर होते.

दादा फुटला. खाट करकरली, आणि मला त्याचा चेहरा कड्याबाहेर दिसला. पूर्ण वर, छताकडे.

"खाली!" मी किंचाळले.

त्याने डोकं परत खुपसलं.

"किती वेळ होतो गं वर?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही."

"काही दिसतंय का बघायला पट्टी काढू?"

"हात लावू नकोस!"

"तुझ्या वहिनीला बोलू नकोस मग." मग म्हणाला, "वाच पुढे."

मी वाचलं. चार दिवस वाचत राहिले, मानेवरचा हात न काढता. काय वाचलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. वहिनी आली की मी तिच्याकडे बघायचं टाळायची. पहिला भाग संपवायला लावला असता तर? एकोणिसावा आणला असता तर? पेन्सिल माझी, रेघ माझी, चूक माझी.

दहाव्या दिवशी डॉक्टर नर्सबाईंना घेऊन आले. पट्टी काढली, दादाला तसंच ओणवं बसवून दिव्याने आत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. एकदा मागे झाले आणि पुन्हा वाकले. मी वहिनीचा हात धरला होता, की तिने माझा, आठवत नाही.

"मध्ये मान उचलली होती?"

"एकदा," दादा म्हणाला. "पुस्तक ऐकताना. माझीच चूक."

"हं." डॉक्टरांनी दिवा बंद केला. "पडदा बसलाय. बुडबुडा विरेपर्यंत अंधुक दिसेल, पण बसलाय. आता सरळ बसा."

वहिनी मटकन स्टुलावर बसली. मी चटईवर. आणि दादा वळला आणि आपणहून पालथा पडला, चेहरा कड्यात.

"दोन पानं राहिलीत," खालून आवाज आला. "उठून बसलो की ही वाचायचं सोडून घरी जाईल."

मी पुस्तक उघडलं आणि नुसती डोळे पुसत बसले. शेवटी नर्सबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उभ्या उभ्या, औषधांची यादी वाचावी तसं वाचायला सुरुवात केली. राक्षसाचं नाव चुकवलं. दादाने खालून दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा चुकवलं.

"बाई, सावकाश," दादा म्हणाला. "घाई नाही."