सहावं पेर

"पाकीट चिकटवायच्या आधी आत बघावं, येवढी अक्कल नाय आली तुला, चंदर?"

येसूबाईंनी ते पाकीट लेकाच्या ताटाशेजारी आपटलं. आमटीची वाटी हिंदकळली. सकाळी कळंबहून कर्जतला, कर्जतच्या कचेरीतून थेट मोहोपाड्याच्या या कॉलनीत; पायांतल्या चपलाही त्यांनी काढल्या नव्हत्या. सून सुंदरा त्या चपलांकडे बघत राहिली.

चंदरने डाव्या हाताने कागद उलगडला. भल्यामोठ्या पांढऱ्या कागदावर इंग्रजीत एकच ओळ होती. आईचं नाव.

"बाकीचं कुठं गेलं?" तो पुटपुटला.

"मला इचारतोस? कारकुनानं मला तेच इचारलं. म्हनाला, बाई, नाव कळलं, आता काम सांगा. अख्खी कचेरी दात काढून हसली. तोंडानं सांगाया गेले, तर म्हनतो लेखी आना."

हाताने लिहिलेला अर्ज कुणी वाचत नाही, कंप्यूटरचा कागद बघितला की कचेरी हलते, हे चंदरचंच म्हणणं. कारखान्यात तो कंप्यूटरवर बसायचा. आईने सांगायचं, त्याने इंग्रजी करायचं. मग एक हुकूम दिला की यंत्र सगळ्या ओळी फायलीत उतरवून कागद छापणार, दर महिन्याला नव्या तारखेचा. वस्तीच्या विहिरीची वाट शिमग्यापासून तारेच्या कुंपणाने बंद होती. अकरा घरांच्या बाया ओढ्याकडून फेरा घालून पाणी आणत होत्या. आणि येसूबाईंनी भर विहारात सांगितलं होतं, माझा चंदर बघून घेईल.

चंदर हात धुऊन आला. बॅगेतून प्रोग्रामचा कागद काढला, त्यावर बोट फिरवलं आणि हसला.

"अगं आये, ही खूण बघ. बाणाच्या टोकासारखी. एक टोक दिलं की यंत्र फाईल कोरी करून लिवतं. दोन दिली की खाली जोडतं. मी सगळीकडं एकच दिलंय."

"म्हंजे पुढची ओळ लिवली की मागची पुसली."

"तेच! म्हनून शेवटची तेवढी उरली. उद्या दुसरं टोक देतो, झालं."

"झालं? अकरा घरांत जाऊन सांगू काय, टोक ऱ्हायलं म्हनून?"

"आत्या, जरा हळू," सुंदरा म्हणाली. "समोरच बंगला हाय सबनीससायबांचा. ह्यांचे मोठे सायब. सगळं ऐकू जातं तिकडं."

येसूबाईंची मान सुनेकडे वळली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग त्यांनी चपला काढल्या, भिंतीशी बसल्या.

"वाच. आपल्या भाषेत करून वाच."

शाळा दुसरीतच सुटलेली. त्यामुळे सांगितलेलं सगळं त्या बोटांच्या पेरांवर ठेवायच्या. पाहुण्यांची गणती असो की भांडणातले शब्द. अर्ज सांगतानाही अंगठा असाच पेरांवरून सरकला होता. सात पेरं, सात ओळी.

चंदर प्रोग्रामच्या कागदावरून ओळी वाचू लागला. विहीर वस्तीने खणलेली. अंगठा पहिल्या पेरावर. पाणी अकरा घरांचं. वाट बांधावरून, आजा-पणज्यापासूनची. शिमग्यापासून तार. ओढ्याच्या वाटेवर बायजा पडली, तिचा हात मोडला. अंगठा पाचव्या पेरावर आला.

"आपली नम्र, येसूबाई," चंदरने वाचलं आणि कागद खाली ठेवला.

अंगठा सहाव्या पेरावर थांबला. तिथून तो हलेना.

"संपलं?"

"संपलं."

"माझं नाव सातव्यावर व्हतं."

चंदर कागदाची घडी घालू लागला. घडी नीट बसेना. त्याने ती उलगडली, पुन्हा घातली. आईकडे त्याने बघितलं नाही. सुंदरा ताट उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली.

येसूबाई उठल्या. रिकामं पाकीट कमरेला खोचलं, चपला घातल्या आणि दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. समोरच्या बंगल्याच्या ओट्यावर कुणीतरी खुर्चीत पेपर वाचत बसलं होतं. उंबऱ्यात उभं राहून त्या लेकाकडे वळल्या. आवाज त्यांनी तसूभरही खाली आणला नाही.

"पाच ओळी यंत्रानं पुसल्या, चंदर. त्याला आई नाय. सहावी, कुंपन घालनाऱ्या सबनीसाची, ती तू पुसलीस."