परीक्षक तीन, कौल एक

तिन्ही परीक्षकांनी मिळून सत्यवानाला तीसपैकी अकरा मार्क दिले, आणि शंकरच्या हाटेलात दत्ताराम सोडून सगळ्यांचे चहा थंड झाले.

दत्तारामाने आपला चहा निवांत संपवला, बशीत सांडलेलाही प्यायला. मनातून त्याला गोड वाटत होतं, पण चेहरा त्याने सुतकातला ठेवला होता. चाळीस वर्षं नाटकात काढून एवढं तरी जमायला हवंच.

"मेल्यांका डोळे आसत काय?" हौसाबाई टीव्हीकडे बघत म्हणाली. "अकरा? माझ्या नातीक गणितात जास्ती पडतत."

"तुझी नात नाचता काय?" शंकर म्हणाला.

"नाचता. पेपर गावलो काय घरभर नाचता."

साल दोन हजार नऊ. दत्ताराम हा गावच्या दशावतारी कंपनीचा मालक. पेटीही तोच वाजवायचा. सत्यवान त्याच्या कंपनीची राणी. नाव पुरुषाचं, आवाज पुरुषाचा, पण शालू नेसून पडद्यातून आला की गावातल्या बायका मान पुढे काढून बघायच्या, पदर नक्की कुठे खोचलाय म्हणून. वीस वर्षं हे चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी एक मालिकावाला मालवणात मासे खायला आला, गाडी बिघडली म्हणून जत्रेला थांबला, आणि जाताना राणी घेऊन गेला. आता सत्यवान एका मालिकेत खाष्ट मावशी करायचा. दर वर्षी जत्रेला मात्र त्याला सोडायचं, हे त्याने मालिकावाल्यांकडून लिहून घेतलं होतं.

घोळ झाला तो नाचाच्या स्पर्धेने. टीव्हीवरच्या नामवंत लोकांनी जोडीने नाचायचं, तीन परीक्षकांनी मार्क द्यायचे आणि लोकांनी मोबाइलवरून मतं घालायची. दोन्ही मिळून जो खाली राहील तो घरी. जोवर आत आहे, तोवर कुठे जायचं नाही, जत्रेलासुद्धा नाही.

सत्यवानाने दत्तारामाला फोन करून रीतसर विचारलं होतं, "जाव काय मालकानू?"

"जा," दत्ताराम म्हणाला होता. "दोन आठवड्यात भायर काढतले तुका. जत्रेक अजून तीन म्हयने आसत."

आता जत्रा पंधरा दिवसांवर आली होती आणि सत्यवान अजून आतच होता. देवळाचे मानकरी भाई यांनी दत्तारामाला स्पष्ट सांगितलं होतं, "राणी सत्यवान असली तर जत्रेक तुमचो नाटक. नाय तर आमंत्रणाचो नारळ देवगडच्या कंपनीक." एकवीस वर्षांचा मान एका नारळावर येऊन ठेपला होता. आणि हेच भाई दर आठवड्याला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी माळावर, चढून सत्यवानाला मतं घालत. या दोन गोष्टींचा मेळ बसवायचं काम त्यांनी देवावर सोडलं होतं.

नाचाचं म्हणाल, तर परीक्षकांची तशी चूक नव्हती. सत्यवानाला नाच येत होता, पण बाईचा. त्याची जोडीदारीण गिरकी घ्यायला वळली की हाही गिरकी घ्यायचा. ती लाजली की हाही लाजायचा. सावरायला कोणीच उरायचं नाही. एका नाचाच्या शेवटी दोघांनी एकदमच एकमेकांच्या हातांत अंग टाकलं आणि दोघं जमिनीवर. पुढच्या आठवड्यात शेवटी त्या पोरीनेच त्याला उचललं. परीक्षकांनी प्रत्येकी तीन मार्क दिले. लोकांनी मतांचा पाऊस पाडला.

त्यात गावाचा वाटा मोठा. गावात मोबाइलला रेंज नव्हती, ती फक्त वर सड्यावर. शनिवारी नाच झाला की मतांची खिडकी उघडायची ती रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. तेवढ्यात सगळा गाव कातळ चढून जायचा. हौसाबाईच्या पाटीत माशांबरोबर तीन मोबाइल असत. "बांगडो व्हयो तर आदी मत घाल," असं तिचं धोरण होतं. तिच्या मोबाइलची बटणं खवल्यांनी चिकट झाली होती, पण मत जायचं.

अकरा मार्कांच्या त्या रात्री दत्तारामाने खरं बोलून बघितलं. "परीक्षक तसे बरोबर सांगतत," तो हळूच म्हणाला. "पाय उचलत नाय तो."

शंकरने त्याच्यासमोर दुसरा चहा ठेवला, त्यात साखर नव्हती.

"वीस वर्सां तुझ्याकडे रवलो, तेवा पाय दिसले नाय तुका?" हौसाबाईने विचारलं. त्या रात्री ज्यांनी कधी मत घातलं नव्हतं, त्यांनीही घातलं.

दुसऱ्या दिवशी दत्तारामाने वेगळी वाट धरली. हौसाबाईचा एक मोबाइल मागून घेतला आणि दुपारच्या उन्हात एकटाच सड्यावर गेला. स्पर्धेतल्या दुसऱ्या एका हिरोला मत घालायचं, एवढंच. मोबाइलमध्ये मेसेज लिहूनच ठेवला होता, फक्त शेवटचा सात, म्हणजे सत्यवानाचा आकडा, पुसून हिरोचा चार करायचा. त्याने तो पुसला, चार लिहिला, पाठवला. मेसेज गेला. परत उघडला, तर परत साताचाच. परत पुसला, परत पाठवला. असे चाळीस वेळा. बोट दुखायला लागल्यावर त्याने चष्मा लावून नीट बघितलं. तो पुसून लिहीत होता तो मेसेज वेगळा, आणि जात होता तो हौसाबाईने ठेवलेला वेगळा. चाळीसच्या चाळीस मतं सत्यवानाला.

त्या रात्री निकाल सांगणारी बाई म्हणाली, "सत्यवान अगदी थोडक्यात वाचले."

"कोणी तरी पुण्यवान आसा," हौसाबाई हात जोडून म्हणाली. दत्तारामानेही जोडले.

पुढच्या गुरुवारी भाईंनी गावाला देवळात बोलावलं. कौल घ्यायचा होता. गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमचो सत्यवान परमुलखात नाचता हा, त्येचा भला होतला तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. दत्तारामही म्हणाला, जरा उशिराने.

पाकळ्या हलल्या नाहीत. कोणीतरी खोकलं. मग उजवीकडची पाकळी सुटली आणि अलगद खाली आली.

भाईंनी डोळे पुसले. हौसाबाई उठली आणि पदर खोचत म्हणाली, "आता शनवारी सगळ्यांनी सड्यार येवचा. येक सुदिक घरात रवता नये."

"कित्याक गो?" दत्तारामाने विचारलं. मुद्दाम ठरवून नव्हे, तोंडातून निघून गेलं.

"कित्याक म्हंजे? मतां घालूक."

"देवान उजवो दिल्यार?" दत्ताराम म्हणाला. "आता देव सांगता होतला म्हणान, आनी तू वर जावन परत मोबाइलाक विचारतलंस. देवार इस्वास नाय तुझो?"

हौसाबाईने भाईंकडे बघितलं, भाईंनी गुरवाकडे, गुरवाने पाषाणाकडे. पाषाणाला यात काही म्हणायचं नव्हतं.

"तसा बघूक गेला तर," भाई शेवटी म्हणाले, "बरोबर आसा."

झालं. सड्याची पायवाट देवळासमोरूनच जायची, तिथून चढणारा अख्ख्या गावाला दिसायचा. आता जो चढेल तो देवावर अविश्वास दाखवणारा. कौलाची बातमी दुसऱ्या दिवशीच्या एसटीने सावंतवाडीला गेली, देवगडला गेली, पार इन्सुलीच्या नाक्यावर ट्रक थांबवणाऱ्यांपर्यंत पोचली. सगळा जिल्हा हात जोडून निवांत बसला.

शनिवारी दत्ताराम हाटेलात पहिल्या बाकावर बसला. त्या आठवड्यात जोड्या नव्हत्या. प्रत्येकाने एकट्याने, आपल्या गावचा नाच करायचा होता.

सत्यवान शालू नेसून आला. मृदंगावर तीन फेऱ्या, मग थांबणं, मग पदराचं टोक दोन बोटांत धरून मान वळवणं. दत्तारामाची बोटं बाकाच्या फळीवर आपोआप वाजायला लागली. ही चाल त्याचीच होती. घरासमोरच्या खळ्यात बसून त्यानेच ती या पोराला शिकवली होती, चुकला की पेटीचा भाता आपटून. वीस वर्षांत एकदाही त्याने सत्यवानाला 'बरा केलंस' म्हटलं नव्हतं. नट चढला की पदर सुटतो, असा कंपनीचा कायदा होता. प्रवेश झाला की राणी पेटीकडे बघायची, आणि मालक पेटीच्या पट्ट्यांकडे बघायचा.

पहिल्या परीक्षकाने दहा दिले, दुसरीने दहा. तिसरा, जो कधी चाराच्या वर गेला नव्हता, त्याने चष्मा काढला, पुसला, आणि दहा दिले.

शंकरने टीव्हीला नमस्कार केला.

दत्ताराम रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. सकाळी त्याने ठरवलं, नारळ देवगडला गेला तर जाऊ दे. ज्याला एवढं येतं, त्याने जिंकायला पाहिजे, आणि आपण त्याच्या पायात पाय घालता कामा नये. दुपारी गाव जेवून आडवा झाला तेव्हा तो भाच्याचा मोबाइल बंडीत लपवून, पायवाट सोडून, काजूच्या बागेतून सड्यावर चढला.

वर शंकर उभा होता.

"वासरू चुकला माझा," शंकर म्हणाला. शंकरकडे गाय नव्हती.

"माझा पण," दत्ताराम म्हणाला.

तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागून हौसाबाई उठली. डोक्यावर पाटी होती. सड्यावर मासे कोणाला विकणार होती देव जाणे. "वारो खावक इलंय," ती म्हणाली. "घरात नुसतो उकाडो."

पलीकडून भाई आले. त्यांना जमिनीची हद्द बघायची होती. मग गुरव आला, पाकळ्यांसाठी फुलं शोधत, जिथे गवताशिवाय काही उगवत नव्हतं तिथे. चारपर्यंत सड्यावर पन्नासेक माणसं जमली होती, आणि कोणीच कोणत्याही कामासाठी आलं नव्हतं. सगळ्यांचे हात खिशांत, कमरेत, पदरात. कोणाचाही हात बाहेर येत नव्हता. मध्येच भाईंच्या सदऱ्यात टुणकन वाजलं.

"टिटवी," भाई म्हणाले. सगळ्यांनी वर बघितलं.

"सत्यवान बरो नाचलो काल," शंकर काही वेळाने म्हणाला.

"बरो," दत्ताराम म्हणाला.

"देव आसा," हौसाबाई म्हणाली, आणि पाटीत हात घालून परत काढला, रिकामा. आधी खाली जायलाही कोणी तयार नव्हतं, कारण मागे राहिलेला काय करेल ते कळलं नसतं. सहा वाजून गेले, तेव्हा सगळे मिळून गजाली करत उतरले.

रात्री सत्यवान बाहेर पडला. मार्क सगळ्यांत जास्त, मतं सगळ्यांत कमी.

गाव दोन दिवस घुम्यासारखा होता. मग गुरव म्हणाला, कौल खोटा नाही, आपण विचारलं होतं भलं होईल का. जिंकेल का, असं कोणी विचारलंच नव्हतं. आणि मंगळवारी एसटीतून सत्यवान उतरला, नाचून दुखावलेला गुडघा बांधलेला, गालांवर हाडं आलेली. त्याला घरच्या पेजेवर बसलेला बघून पुष्कळांना ते पटलं.

जत्रेच्या रात्री नाटकाआधी दत्ताराम रंगपटात गेला. सत्यवान आरसा मांडीवर घेऊन भुवया कोरत होता.

"मालकानू, येक विचारू?" तो आरशातच बघत म्हणाला. "त्या आठवड्यात गावातलां येक मत इला नाय. च्यानलवाल्यांनी सांगितल्यानी. काय चुकला माझा?"

"तुझा काय नाय. कौल उजवो इल्लो. आमी सगळे बसान रवलव."

"तुमी पण?"

"मी सगळ्यांका बसयलंय," दत्ताराम म्हणाला. "माका तू जत्रेक व्हयो होतंस."

सत्यवानाचा हात थांबला. एक भुवई झाली होती, दुसरी व्हायची होती. ती त्याने सावकाश कोरली.

"तीसपैकी तीस दिल्यानी त्येंनी," तो म्हणाला. "तुमी किती दिलात?"

"पेटी सुरात घेवक व्हयी," दत्ताराम म्हणाला आणि बाहेर आला.

नाटक रंगात आलं. राणी पडद्यातून आली, एका पायाने जरा लंगडत, पण मृदंगाला ते कळू न देता. तीन फेऱ्या घेतल्या, थांबली, पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि मान वळवून, वीस वर्षांच्या सवयीने, पेटीकडे बघितलं.

दत्तारामाने पट्ट्यांवरून नजर उचलली. मग दोन्ही हात वर केले, दहाही बोटं पसरून.

पेटी गप्प झाली. मृदंगवाला दचकून एक ठेका पुढे गेला, राणीचा बांधलेला पाय शालूत अडकला, आणि राणी दिवंगत राजाच्या गादीवर मटकन बसली. तोंडावर पदर घेऊन ती हसत होती, का काय करत होती, ते लांबून कळलं नाही.

"ओ दत्तारामा," पुढून हौसाबाई म्हणाली. "हात कसले दाखवतंस? पेटी वाजय मरे."