शेवटचा तांब्या

“आज तोंड उघडायचं न्हाई, मनकर्णा. आधीच सांगून ठेवते.” द्वारकाबाईंनी ऊन पाण्याची बादली न्हाणीत आदळली. “लेकराला न्हाऊ घाल, शेक दे, चहा पी अन् जा.”

मनकर्णा पाटावर पाय लांब करून बसली होती. तिच्या नडग्यांवर द्वारकाबाईंचा नातू, अजून बारसं न झालेला, तेलानं चकचकीत.

“चहा प्यायला तरी उघडू का, आक्का?”

“हसण्यावारी नेऊ नको. काल मुन्ना दारात येऊन सांगून गेला, ही बाई लेकरांच्या कानात मंतर घालून राहिली, घरं बाटवती म्हणे. आमचा भागवत तर दुसरी बाई बघा म्हणून अडून बसला होता. मीच म्हणलं, राहू दे. आता तू माझी अडचण करू नको.”

मुन्ना. तोही याच पायांवर न्हाला होता. तेव्हाही कारण नसताना असाच बोंबलायचा. गेल्या रविवारी त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडला कुलूप घातलं. नांदेडचे पाळकसाहेब फोनवर म्हणाले, बाई, यंदा नाताळ आपापल्या घरीच करा, धीर धरा, प्रभू बघतो आहे. बघतोय ना, मनकर्णा मनात म्हणाली, मग कुलूपही दिसलं असेल.

घरी तरी कोणाबरोबर करणार? नवरा मातीआड, लेक पुण्याला. डोंगरकडा गावातली बाकीची ख्रिस्ती घरं दारं लावून बसलेली. आज नाताळ म्हणून सकाळी तिनं एकटीनंच गाणं धरलं, तर दुसऱ्या ओळीला रडू आणि राग दोन्ही आले. राग जास्त. आणि बाळंतपण झालं की तिला हाक मारणारं आता हे एकच घर उरलं होतं.

ती मुक्यानं पाणी घालत राहिली. एरवी तिच्या बडबडीवर डोळे मिटणाऱ्या पोरानं आज घर डोक्यावर घेतलं. मनकर्णाला वाटलं, पवित्र शास्त्रात, प्रभूच्या जन्माच्या गोष्टीत, मेंढपाळ आहेत, पूर्वेकडचे ज्ञानी आहेत, त्यांनी काय काय आणलं तेही आहे. गव्हाणीतल्या त्या लेकराला पहिली अंघोळ कोणी घातली, त्याचा मात्र पत्ता नाही. बाईच असणार. तिलाही कोणीतरी गप्प बस म्हटलं असेल.

शेवटचा तांब्या बाजूला काढून ठेवलेला होता. तो लेकरावरून ओवाळून ओतायचा आणि ओतताना त्याच्यासाठी मागायचं. त्याशिवाय अंघोळ पुरी होत नाही. बाकीच्या बायका आपापल्या देवाला मागत, मनकर्णा तिच्या. आज तिनं तांब्या उचलला. मुक्यानं ओतायला हात होईना. तिनं तो खाली ठेवला आणि पोराला पंच्यात गुंडाळून पायांवर तसंच धरलं.

“मावशी, राहिलं की,” खाटेवरून द्वारकाबाईंची बाळंतीण सून कोमल म्हणाली.

“काय राहिलं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“मागणं.”

“न्हाई मागायचं. सांगितलंय तिला.”

“काहून? पहिल्या दिवसापासून मागत्यात त्या. आज सोडलं अन् लेकराला काही झालं तर? मुन्ना येतो का दवाखान्यात पळायला?”

“कोमल!”

“मग तुमी मागा, आत्या.”

द्वारकाबाईंनी बाहेर नजर टाकली, दार लोटलं. पदर खोचून तांब्या उचलला आणि पोरावरून फिरवला. “देवा...” म्हणाल्या आणि अडल्या. त्यांचीही लेकरं याच न्हाणीत मनकर्णाच्या पायांवर न्हाली होती. या न्हाणीत त्यांनी एकच मागणं ऐकलेलं होतं.

“देवा, ह्याला वाढव,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्याच्या आईचं दूध राख. अन् ह्या घरावर... घरावर...”

त्यांनी मनकर्णाकडे पाहिलं. मनकर्णाला पुढचं पाठ होतं. पण तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. ती ओठ मिटून त्यांच्याकडे बघत राहिली.

“सांग की गं,” द्वारकाबाई पुटपुटल्या. मनकर्णानं पोराचा पंचा सारखा केला.

“घरावर तुझ्या तोंडाचा उजेड पडू दे,” द्वारकाबाईंना आपलं आपणच सापडलं. तांब्या त्यांच्या हातात कलला आणि एव्हाना गारठलेलं पाणी मनकर्णाच्या पावलांवर पडलं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या, या वेळी न अडता.

मनकर्णानं पाय आखडले नाहीत.