हरणाबाईची एकोणीस स्वप्नं

चारुशीलेनं स्वप्नं गोळा करायचं ठरवलं, तेव्हा विभागात कुणी हसलं नाही. विभाग म्हणजे औरंगाबादच्या नव्या विद्यापीठातल्या तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र मिळून दोन खोल्या, प्रमुख राघवेंद्र सर आणि पाच विद्यार्थी. शनिवारी दुपारी खुर्च्या भिंतीला लावून सगळे सतरंजीवर बसत आणि आठवड्यात जे वाचलं, जे सुचलं ते एकमेकांना सांगत. सर डोळे मिटून ऐकत. शिपाई ज्ञानोबा चहा देऊन झाला की दारालाच टेकून उभा राही, आणि त्याला कुणी जा म्हणत नसे.

अशाच एका शनिवारी, बासष्ट सालच्या मार्चात, ती म्हणाली की स्वप्नांवरची आपली सगळी पुस्तकं परदेशातल्या माणसांवर लिहिलेली आहेत, आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बायकांना काय दिसतं ते कुणी विचारलेलं नाही. सरांनी डोळे उघडले. एम. ए.च्या प्रबंधाला हाच विषय घे, शंभर स्वप्नं आण, असं ते म्हणाले.

ती तुळजापूरच्या उपाध्यांच्या घरातली. तुळजापुरात तिला सगळे ओळखत, तिथं तिच्यापुढे कुणी मोकळं झालं नसतं. म्हणून सुट्टी लागताच ती बेंबळीला मामांकडे गेली. मामा दत्तोपंत गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या ओसरीवर दुपारभर सावली असे, त्यामुळं शेजारच्या आण्णासाहेबांच्या बियाण्याच्या शेंगा फोडायला पाच-सहा बायका तिथंच बसत. चारुशीला वही घेऊन त्यांच्यात जाऊन बसली.

चार दिवस वही कोरी राहिली. वाईट स्वप्न सांगू नये आणि चांगलं सांगितलं तर त्याचं फळ जातं, असं त्यांचं म्हणणं. पाचव्या दिवशी तिनं आपलंच स्वप्न सांगितलं. परीक्षेचा कागद हातात येतो, त्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालत कडेला जातात आणि खाली पडतात. शेजारी बसलेली मैत्रीण ती वेचून पदरात घेते. बायका हसल्या. मग नागूबाई हळूच म्हणाली की तिची वारलेली आई येऊन तिचे केस विंचरते, पण आईच्या हातात फणी नसते. सिताबाईला विहिरीच्या तळाशी शेत दिसायचं, त्यात ज्वारी उभी असायची आणि कणसांतून मासे फिरायचे. शेंगांचा कडकड आवाज चालू राही, फोलपटं वाऱ्यानं ओसरीभर होत, आणि वहीची पानं भरत गेली. दुपारी त्या ओसरीवर बसलं की आपण जागे आहोत की नाही याचा चारुशीलेलाही विसर पडे.

त्यांच्यात हरणाबाई होती. साठीची, पुतण्या बलभीमाच्या घरी राहणारी, फार न बोलणारी. सगळ्याजणींचं सांगून झालं तेव्हा बायकांनी तिच्याकडे बघितलं. ती शेंगा फोडत फोडतच बोलू लागली.

तेरणा नदी इतकी रुंद झाली होती की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी इतकं निवांत की गुरं त्याच्यावरून चालत गेली आणि त्यांच्या खुरांची वर्तुळं तशीच राहिली. त्या वर्तुळांवर पाय देत हरणाबाई पलीकडे गेली. तिथं एक गाव होतं. घरांना दारं नव्हती, प्रत्येक घराच्या मधोमध झाड होतं, आणि झाडाखाली बायका रिकाम्या हातानं बसल्या होत्या. आल्यागेल्याला त्या पाणी विचारत नव्हत्या, काय ऐकणार ते विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याच गावात आणखी पुढं गेली. तिथं एक आड होता. त्यात बोललेलं बोलणं कित्येक वर्षांनी वर येई. ती वाकली, तर तिची आई तिला लहानपणच्या आवाजात हाक मारत होती. ते ऐकताना सिताबाईचे हात थांबले, आणि ओसरीवर पहिल्यांदाच शेंगांचा आवाज बंद झाला.

अशी एकोणीस दुपारी एकोणीस स्वप्नं झाली. बायका त्यांसाठी लवकर येऊ लागल्या. दत्तोपंत शाळेचे कागद घेऊन दाराआड बसत, पण पान उलटत नसत. चारुशीलेनं ती सगळी उतरवून सरांना पाठवली. सरांचं उत्तर आठवड्यानं आलं. बाकीची स्वप्नं तुटक आहेत, स्वप्नं असतात तशी, असं त्यांनी लिहिलं होतं. हरणाबाईची मात्र काल जिथं थांबली तिथून आज सुरू होतात. एकदा विचारून बघ.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका येण्याआधी तिनं हरणाबाईला विचारलं. हरणाबाईनं ओंजळीतले दाणे सुपात टाकले.

"मला सपान पडत न्हाय ताई," ती म्हणाली. "कधीच पडलं न्हाय. आडवं झालं की थेट सकाळच व्हती."

"मग हे सगळं कुठून आलं?"

"जागेपणी दिसतं. खुरपताना, शेंगा फोडताना. सगळ्याजणी सांगत व्हत्या, मला न्हाय म्हणायची लाज वाटली. आन् तुमी लिवून घेत व्हता. माझं बोलणं आजवर कुणी लिवून घेतलं न्हवतं."

चारुशीला उठून आत गेली. तिला राग आला होता. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं होतं, आणि सरांपुढं आपण भोळसट ठरलो असं तिला वाटत होतं. तिनं वहीतल्या एकोणीस नोंदींवर रेघ मारली. त्या दिवशी ती ओसरीवर आली नाही, आणि हरणाबाईही दुसऱ्या दिवसापासून यायची थांबली. बायकांनी तिला बरं नाही का विचारलं, तर बलभीम म्हणाला, बरी आहे, पण शेतावर एकटीच जाते.

सुट्टी संपत आली तशी चारुशीलेला झोप नीट लागेना. वहीत नजर टाकली की रेघेखालून ती नदी दिसे. निघायच्या आदल्या सकाळी ती बलभीमाच्या शेतावर गेली. हरणाबाई बांधावर बसून गवत काढत होती. चारुशीला शेजारी बसली आणि रागावले होते, चुकलंच माझं, असं म्हणाली. हरणाबाईनं तिच्या हातात एक खुरपं दिलं. दोघी ऊन चढेपर्यंत गवत काढत राहिल्या.

प्रबंधात एक्क्याऐंशी स्वप्नं गेली. प्रास्ताविकात तिनं सरळ लिहिलं की एकोणीस नोंदी वगळल्या आहेत, कारण ती स्वप्नं नव्हती. सरांनी ते वाचलं आणि विचारलं, मग ती काय होती? तिनं वही सरांपुढं ठेवली. सर म्हणाले, प्रबंधात नको, शनिवारी वाच.

तिनं वाचली. पहिल्या शनिवारी विभागातली सहा माणसं होती, तिसऱ्या शनिवारी मराठी आणि इतिहासवाले आपापल्या सतरंज्या घेऊन आले आणि काहीजण व्हरांड्यात बसले. वाचन चाललं की टेबलावरचा चहा निवून जाई. ज्ञानोबानं तर एकदा किटली हातातच धरून ठेवली. शेवटचंही वाचून झालं. मग ज्ञानोबानं दारातूनच विचारलं की त्या गावात पुरुष माणूस जाऊ शकतो का. सर म्हणाले, हे आपल्यापैकी कुणी सांगू शकणार नाही, त्या बाईंनाच बोलावू.

विभागाचं पत्र दत्तोपंतांनी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवाळी झाल्यावर बलभीम हरणाबाईला घेऊन एसटीनं औरंगाबादला आला. वर्षभरानं चारुशीला पहिल्या वर्गात एम. ए. झाली, विभागातून पहिल्या वर्गात आलेली ती पहिलीच मुलगी. पण पुढं कधी विद्यापीठाची गोष्ट निघाली की ती आधी सांगायची ती हरणाबाई आली त्या शनिवारची.

हरणाबाई खुर्चीवर बसली नाही. सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून बसली. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. चाळीसेक माणसं जमली होती. ज्ञानोबानं आपला प्रश्न विचारला. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"जाता येतं की. पर हातातलं खाली ठेवून जावं लागतं."

ज्ञानोबानं किटली खाली ठेवली आणि पहिल्यांदाच सतरंजीवर येऊन बसला. हरणाबाई बोलू लागली. आज नदीवर धुकं होतं. सर वही उघडून स्वतः लिहू लागले. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात हैदराबादला उर्दूतून झालेलं, मराठी अक्षर सावकाश उमटायचं. त्यांची ओळ पूर्ण होईपर्यंत हरणाबाई थांबे, खिडकीबाहेर बघे, आणि त्यांची मान वर झाली की पुढचं पाऊल टाके.