चार कड्यांची माटोळी

कर्र... दुपारच्या निवांत घरात माळ्याची फळी सरकली. सुविधाने हात आत घालून मला बाहेर ओढलं, अंगावरचं गोणपाट सोडलं आणि माप घ्यायचा टेप काढला. तिची लेक सिद्धी लगेच टेपचं दुसरं टोक धरून बसली.

मित्रांनो, मी एक जुनी माटोळी आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला टांगतात ना, ती लाकडी चौकट. मला धाकूआजोंनी केलं. ते सुविधाचे सासरे. पाळी गावच्या खाणीवर ट्रकांचे फाळके दुरुस्त करणारे सुतार. मोडक्या फाळक्याच्या सागवानी पट्ट्या तासून त्यांनी मला जोडलं आणि डिचोलीतल्या वसाहत मंडळाच्या या घरात, छताला चार कड्या बसवून टांगलं.

सव्वीस चवथी मी त्या कड्यांवर काढल्या. नारळांचा घड, सुपारीचं शिपटं, आंबाडे, कांगलां अशी रानातली फळं बांधली की माझं ओझं एका माणसाएवढं व्हायचं. आरतीला आलेला प्रत्येक जण आधी मला बघायचा, मग देवाला. देव रागावत नसावा. विसर्जन झालं की मात्र मी माळ्यावर, आणि वर्षभर माझी आठवण फक्त वाळवीला.

पुढे छत गळू लागलं. मंडळाने शेजारच्या जागेत सात मजल्यांची नवी इमारत उभी करायला घेतली आणि घरोघरी अर्ज वाटले: नव्या घरात काय हवं? लोकांनी लिफ्ट लिहिली, पार्किंग लिहिलं, कपडे वाळत घालायला गॅलरी लिहिली. कड्या कोणीच लिहिल्या नाहीत. छत आहे म्हणजे कड्या असणारच, असं सगळे धरून चालले.

नमुन्याचं घर बघायला गेल्यावर बायका लाद्या बघत होत्या आणि धाकूआजो छत. घरी येऊन सुविधाने नवऱ्याला सगळं नकलेसकट सांगितलं, म्हणून मला कळलं.

"साहेबानू, माटोळी टांगूक कडी खंय?"

"पंख्याचा हूक आहे की," मंडळाचे इंजिनियर शिवदास म्हणाले.

"मग देवाक पंखोच बांधूया मरे, उकाडो तरी जायत!"

सगळे हसले. शिवदासही हसले आणि मधेच थांबले. "अहो, माझ्याही घरी माटोळी असते. नकाशात कड्या घालायचं माझ्याही डोक्यात आलं नाही."

तोवर खालच्या चार मजल्यांचे स्लॅब ओतून झाले होते. त्यांच्या आत ताणलेल्या तारा, भोक पाडायला सक्त मनाई. वरच्या तीन मजल्यांत कड्या बसवता येतील. ज्यांना हव्यात त्यांनी मापं लिहून, घर बदलून घ्यावं, असं ठरलं. मुदत उद्यापर्यंत.

आमच्या वाट्याचं घर पहिल्या मजल्यावर आहे. आजोंच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम मागून घेतलेलं.

"सातवो मजलो लिही," आज सकाळी ते म्हणाले.

"बाबा, चार पायांचा स्टँड करून घेऊ ना," सुविधा म्हणाली.

"तो मांडव झालो. माटोळी नाय."

"आणि वीज गेली, लिफ्ट अडकली म्हणजे?"

"वर बसान. खाली कोण वाट बघता माझी?"

"चहाच्या गाड्यावर तिघे बघतात ना! एक दिवस गेला नाहीत तर धाकू खंय गेलो म्हणून दारात येतात."

आजो चपला घालून गाड्यावरच गेले.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. घर मागताना, जे नेहमीचंच आहे ते आधी कागदावर घाला. ते गृहीत धरलं की हातचं जातं. माझ्यासारख्या लाकडाला जपा, पण त्याच्यापायी माणूस माळ्यावर ठेवू नका. हे सांगताना मला जड जातंय. कड्या मला हव्याच आहेत.

सुविधाने माझी मापं लिहिली. 'मजला' या शब्दापुढे पेन थांबलं.

सिद्धीने टेपचं टोक सोडलं. "आई, चवथ झाली की देव जातो ना गं? मग वर आजोंशी कोण बोलणार?"