यादीत नसलेला प्रश्न

धरमपेठेतल्या भाड्याच्या तीन खोल्यांत मनोहररावांनी १९७३ च्या जूनमध्ये शाळा काढली. विद्यार्थिनी एकच, त्यांची अकरा वर्षांची मुलगी कुमुद. आधीच्या शाळेत तिला सहलीवर निबंध लिहायला सांगितला होता. बेचाळीस मुलींनी तीच सहल लिहिली, बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली, आणि त्यातली एकही मुलगी सहलीला गेलेली नव्हती.

"असली मेंढरं आपल्याला नकोत," मनोहरराव म्हणाले. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. "आपली पोरगी हातानं करून शिकेल, स्वतःच्या डोक्यानं विचार करेल, चार माणसांचं नेतृत्व करेल."

"अन् तुमी कचेरीत गेल्यावर तिले शिकवन कोन?" त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी विचारलं.

"तू. पण शिकवायचं नाही. फक्त करू द्यायचं."

करू देण्यात पहिल्याच महिन्यात भिंतीवरचं घड्याळ खोललं गेलं आणि कायमचं बंद पडलं. पण कुमुद शिकत होती, हे खरं. भिवापूरहून मामानं पाठवलेल्या ओल्या मिरच्या तिनं तोलल्या, गच्चीवर वाळवल्या, पुन्हा तोलल्या आणि शेकडेवारी काढली. दोन दिवस डोळे चोळत होती, पण शेकडेवारी विसरली नाही.

नेतृत्वाचं मात्र जमेना. दर सोमवारी मनोहरराव कुमुदला आठवड्याची नेता नेमत आणि नेत्यानं काय करायचं याची यादी दाराला चिकटवून कचेरीत जात.

"नेता मी आहे ना, बाबा? मग यादी तुमी काहून करता?" तिनं एकदा विचारलं.

मनोहररावांनी मुलीच्या प्रगतीची वही ठेवली होती. तीत त्यांनी 'उद्धटपणा' असं लिहिलं. मग जरा विचार करून ते खोडलं आणि 'चिकित्सक बुद्धी' असं लिहिलं. यादी मात्र दाराला तशीच राहिली.

कचेरीत चहाच्या वेळेला ते या शाळेबद्दल इतकं बोलत की शेवटी साहेबच, ओमप्रकाश तिवारी, म्हणाले, "एकदा दाखवा तर खरं." मनोहररावांनी त्यांना मेमधल्या एका रविवारी दुपारचं बोलावलं आणि बरोबर कचेरीतल्याच आणखी तिघांना. दाखवायला काहीतरी भरघोस हवं, म्हणून घरी कूलर बनवायचं ठरलं. नकाशा मनोहररावांचा. लाकडी चौकट, तीन बाजूंच्या जाळ्यांत वाळा भरणं, पंप बसवणं हे सगळं कुमुद आणि गोपिकाबाईंचं. वाळ्यानं दोघींचे हात ओरबाडले.

कूलर चालू झाला तेव्हा कुमुद म्हणाली, "बाबा, हा खोलीच्या आतच ठेवायचा?"

"नकाशात आतच आहे."

यानंतर त्यांनी तिला उत्स्फूर्त प्रश्न पाठ करायला दिले. एकूण नऊ होते. पाहुणे बसले की पहिला, पाणी प्यायले की दुसरा. कुठे थांबायचं आणि कपाळावर बोट कुठे टेकवायचं, तेही लिहिलेलं होतं. कुमुदनं आठवडाभर येरझारा घालत ते घोकले.

रविवारी पाहुणे आले. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून मनोहररावांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. पाच मिनिटांत खोलीत न्हाणीघरासारखं दमट झालं. तिवारीसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला.

"विचार बेटा, काही तुझ्या मनातलं," मनोहरराव म्हणाले आणि हळूच एक बोट वर केलं. म्हणजे प्रश्न पहिला.

कुमुदनं कपाळाला बोट लावलं. मग ते काढलं.

"बाबा, दारं बंद काहून आहेत?"

"हा प्रश्न यादीत नाही," मनोहरराव कुजबुजले. पण खोली लहान होती, सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"हा कूलर खोलीतलीच हवा ओढून राहिला. ओलीच हवा पुन्हा ओली करून राहिला. त्याले बाहेरची कोरडी हवा पाहिजे." ती उभी राहिली. "साहेब, तुमी ही बाजू धरा. काका, तुमी ती. बाबा, बटन बंद करा. आई, खिडकी उघड वं!"

तिवारीसाहेब उठले. साहेब उठल्यावर बाकीच्यांना बसून राहता येईना. चौघांनी कूलर व्हरांड्यात नेऊन खिडकीला लावला आणि कुमुदनं समोरचं दार उघडून ठेवलं. मनोहररावांनी बटन दाबलं. वाळ्याच्या वासाची गार हवा खोलीत शिरली, तसे साहेब धोतराचा सोगा सोडून खुर्चीत मागे रेलले.

"मनोहरराव, मानना पड़ेगा! तुमची शाळा एक नंबर आहे."

मनोहररावांनी मान लववली. आपला अपमान झाला की सत्कार, हे त्यांना पाहुणे जाईपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी ते वही घेऊन बसले, तोच कुमुद समोर आली. तिच्या हातात एक अर्ज होता, सुवाच्य अक्षरात लिहिलेला. खाली आईची सही होती आणि वडिलांच्या सहीची जागा मोकळी.

"मले माझ्या जुन्या शाळेत परत जायचं आहे, बाबा."

"काय?" मनोहररावांची पुस्तकी भाषा गळून पडली. "काहून पण? तुले घरी काय कमी हाय?"

"घरी मी एकटीच आहे. नेता व्हायचं तर मागे कोनी पाहिजे ना. तिथे बेचाळीस पोरी आहेत. फळ्यावरची सहल लिहायची नाही, हे मी एकटीनं म्हणून काही होत नाही. सगळ्या मिळून म्हणू."

"आणि बाईंनी छडी मारली तर?"

"तर काहून मारली, ते विचारीन."

मनोहररावांनी गोपिकाबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि आज त्यांना खडे जरा जास्तच सापडत होते.

"तू सही करून मोकळी झालीस?"

"तुमीच म्हनलं होतं, फक्त करू द्यायचं."

त्यांनी अर्ज तीनदा वाचला. चूक शोधली, एक वेलांटी सापडली, ती दुरुस्त केली. मग सही केली. 

जूनमध्ये मुख्याध्यापिकांनी परीक्षा घेऊन कुमुदला सातवीत घेतलं. पंधरा दिवसांनी मनोहररावांच्या नावे शाळेतून चिठ्ठी आली: आपल्या मुलीच्या नादानं सबंध वर्गानं फळ्यावरचा निबंध उतरवून घ्यायला नकार दिला आहे, तरी समक्ष भेटावे.

मनोहररावांनी इस्त्रीचा सदरा घातला, चिठ्ठी खिशात ठेवली आणि शाळेत जाण्याआधी वाट वाकडी करून ती कचेरीत सगळ्यांना दाखवून आले.