पहिला कप्पा

रेकॉर्डच्या दुकानात शिरलं की समोरच दहा कप्प्यांची लाकडी मांडणी होती. गेल्या आठवड्यात जो अल्बम सगळ्यांत जास्त खपला तो वरच्या, पहिल्या कप्प्यात. मग दुसरा, तिसरा असं खाली. प्रत्येकावर दुकानदाराच्या हातची चिठ्ठी असे, कोणत्या देशात तो अल्बम कितवा आहे ते सांगणारी. दर शुक्रवारी दुपारी रेडिओवाल्या बाईंचा फोन येई आणि दुकानदार सांगेल ती क्रमवारी संध्याकाळी शहरभर ऐकली जाई. त्याची सगळी ऐट त्या फोनात होती.

सध्या त्याचा जीव एका परदेशी अल्बमवर जडला होता. साथीला नुसता अकॉर्डियन, आणि गाण्यांचे शब्द कुणाला ओ की ठो कळत नव्हते. त्याच्या स्वतःच्या देशात तो साफ आपटला होता. इथे मात्र कित्येक महिने पहिला. त्यावर दुकानदाराने फोनवर बाईंना भाषणच ठोकलं होतं. "त्यांना नाही कळलं, आपल्या लोकांना कळलं! आपल्या शहराचा कानच वेगळा." तेव्हापासून न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे आपापल्या कानांकडे जरा आदराने पाहू लागले होते. दुकानात दिवसभर रेडिओ चाले. विकायचा माल फोडून ऐकणं म्हणजे दुकानदाराला उधळपट्टी वाटे.

बायकोचा धाकटा भाऊ गायचा. घरात त्याला 'कलाकार' म्हणत, आणि सासरे म्हणत तेव्हा त्यात कौतुक नसे. त्याचा पहिला अल्बम आला, तो दुकानदाराने मागच्या भिंतीला, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी लावला.

"अहो, मेहुणा आहे तुमचा. निदान उजेडात तरी ठेवा," बायको म्हणाली.

"खपला की येईल पुढे. मांडणी नात्यागोत्यावर चालत नाही."

"तिथे अंधारात दिसणार कुणाला?"

"ज्याला कान आहे त्याला!"

मग दुकानदाराची अक्कलदाढ काढावी लागली आणि गाल सुजवून तो आठवडाभर घरी पडला. बायकोने दुकान सांभाळलं. तिने पहिलं काम केलं ते भावाला पहिल्या कप्प्यात आणून अकॉर्डियनला खोक्यांशेजारी धाडण्याचं.

शुक्रवारी सकाळी तो दुकानात आला आणि मांडणी पाहून सूज विसरून ओरडला.

"ओरडू नका, टाके तुटतील," बायको म्हणाली. "सगळ्यांत जास्त तोच गेलाय. बिलं बघा."

"आणि अकॉर्डियन?"

"एकही नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही."

तेवढ्यात नेहमीचा शिंपी आला आणि त्याने पहिल्या कप्प्यातला अल्बम उचलला.

"ऐकलाय का हा?" दुकानदाराने विचारलं.

"घरी जाऊन ऐकेन की. पहिला आहे ना?"

"आणि तो अकॉर्डियनचा नेला होतात, तो?"

"तोही तेव्हा पहिलाच होता," शिंपी म्हणाला आणि सुट्टे मोजू लागला.

दुकानदार स्टुलावर बसला. दुपारी नवा कोट चढवून कलाकार हजर झाला.

"भावोजी, आज रेडिओवर माझं नाव! आईला सांगून ठेवलंय." मग जरा जवळ येऊन हळूच, "लोकांना खरंच आवडतोय ना?"

बायको काउंटर पुसता पुसता थांबली.

"खपतोय," दुकानदार म्हणाला.

फोन वाजला. सवयीने त्याच्या तोंडात अकॉर्डियनचं नाव आलं. बिलं समोर होती. त्याने ते गिळलं आणि मेहुण्याचं नाव सांगितलं.

"अरे वा, घरचाच माणूस!" बाई म्हणाल्या. "मग यावर आपल्या शहराचा कान काय म्हणतो?"

"कानाचं राहू द्या, बाई. माझी दाढ काढलीय," त्याने सांगितलं आणि फोन ठेवला.

कलाकार आईला कळवायला पळणार, तोच दुकानदार खोक्यांपाशी गेला, अकॉर्डियनच्या एका अल्बमचं वेष्टन फाडलं आणि रेडिओ बंद करून रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं अर्धं होईतो कलाकाराने कानांवर हात ठेवले.

"भावोजी, हे तुम्हाला आवडायचं?"

दुकानदार सुजलेला गाल धरून, मान कलती करून ऐकत होता.

"थांब जरा," तो म्हणाला. "मीही आजच ऐकतोय."